चौदा वर्षे टिकलेले प्रजासत्ताक

प्रस्तावना

१३ मार्च १९२० रोजी पहाटे बंडखोर सैनिकांच्या तुकड्या बर्लिनमध्ये शिरल्या. त्यांच्यावर गोळी चालवायला सैन्याच्या वरिष्ठांनी नकार दिला. मंत्रिमंडळाला रातोरात राजधानी सोडून आधी ड्रेस्डेन आणि मग श्टुटगार्ट गाठावे लागले. व्होल्फगांग काप नावाचा एक राजनिष्ठ अधिकारी चॅन्सेलरच्या खुर्चीवर जाऊन बसला, पण त्या खुर्चीतून राज्य चालवणे त्याला जमले नाही. कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप पुकारला. गाड्या थांबल्या, दिवे गेले, छापखाने बंद पडले. मंत्रालयांतल्या अधिकाऱ्यांनीही त्याचे हुकूम पाळले नाहीत. पाचव्या दिवशी बंड आटोपले.

२० जुलै १९३२ रोजी त्याच बर्लिनमध्ये चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन यांनी राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमाचा आधार घेऊन प्रशिया राज्याचे सरकार पदच्युत केले. जर्मनीतली जवळपास तीन पंचमांश माणसे प्रशियात राहत होती आणि तिथले पोलीस सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या मंत्र्यांच्या हाताखाली होते. या खेपेला संप झाला नाही. पोलीस बराकीतच राहिले. मंत्री कचेरीतून बाहेर पडले आणि त्यांच्या सरकारने लाइपझिगच्या न्यायालयात दाद मागितली. नोंदलेल्या बेकारांची संख्या तेव्हा पन्नास लाखांच्या वर गेली होती. ज्यांच्या हाताला कामच नाही, ते काम बंद कशाचे पाडणार?

१९२० साली जे प्रजासत्ताक सशस्त्र बंड पचवू शकले, त्याला बारा वर्षांनी एका कागदाने मागे सारले. मधल्या काळात काय झाले, याचा शोध म्हणजे हे पुस्तक.

आपल्याकडे हा इतिहास बहुधा उलट्या दिशेने शिकवला जातो. शाळेच्या पुस्तकात व्हर्सायचा तह, महागाई आणि हिटलर असे तीन टप्पे असतात आणि प्रजासत्ताक म्हणजे या टप्प्यांमधली एक रिकामी जागा. ते जन्मतःच दुबळे होते, म्हणून मेले, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतो. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. त्याहून मोठी अडचण अशी की ‘दुबळे’ या एका शब्दाआड माणसांच्या कृती झाकल्या जातात. प्रजासत्ताक दुबळे होते असे म्हटले की ते कोणी दुबळे केले, कधी केले आणि कोणाला ते सावरता आले असते, हे प्रश्न विचारायचे राहूनच जातात.

आधी त्याची उभारणी पाहू. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी कैसरचे राज्य संपले. फिलिप शायडमान यांनी राइशस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि काही तासांतच कार्ल लिबक्नेश्ट यांनी राजवाड्यापाशी समाजवादी प्रजासत्ताकाची. सत्ता आली ती फ्रीडरिश एबर्ट यांच्याकडे. खोगीर तयार करणारा हा कारागीर सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्ष झाला होता. पुढच्या आठवडाभरात दोन समझोते झाले. सेनापती ग्रोनर यांनी नव्या सरकारला पाठिंबा दिला आणि बदल्यात अधिकाऱ्यांची उतरंड शाबूत राहिली. उद्योगपतींनी कामगार संघटनांना मान्यता दिली, आठ तासांचा दिवस कबूल केला आणि बदल्यात कारखान्यांची मालकी त्यांच्याकडेच राहिली. या दोन समझोत्यांमुळे हरलेला, उपाशी, शस्त्रांनी भरलेला देश यादवीच्या काठावरून मागे आला. न्यायाधीश, सेनाधिकारी आणि प्राध्यापक मात्र जुनेच राहिले. त्यांतले अनेक प्रजासत्ताकाचा पगार घेत होते आणि त्याला परके मानत होते. स्थैर्याचे कारण आणि पुढच्या कमजोरीचे कारण इथे एकच आहे. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचे काहीच नीट कळत नाही.

१९ जानेवारी १९१९च्या निवडणुकीत स्त्रियांनी पहिल्यांदा राष्ट्रीय पातळीवर मतदान केले. सोशल डेमोक्रॅट, कॅथलिकांचा सेंटर पक्ष आणि उदारमतवादी डेमोक्रॅट या प्रजासत्ताकवादी तीन पक्षांना मिळून ७६ टक्के मते पडली. लोकांना लोकशाही नकोच होती, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा आठवावा. बर्लिन अशांत असल्यामुळे घटनासभा ग्योथे आणि शिलरच्या वायमार गावी भरली. प्रजासत्ताकाला नाव मिळाले ते त्या गावावरून. ह्यूगो प्रॉयस यांनी मसुदा केलेली घटना ऑगस्टमध्ये अमलात आली. प्रौढ मताधिकार, वीस वर्षांच्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत, सामाजिक हक्क, जनमताची तरतूद, एवढे सगळे तिच्यात होते.

त्याच घटनेत थेट लोकांनी निवडलेला, सात वर्षांच्या मुदतीचा राष्ट्राध्यक्षही होता. कलम २५ प्रमाणे तो संसद विसर्जित करू शके. कलम ५३ प्रमाणे तो चॅन्सेलर नेमे. सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली तर कलम ४८ प्रमाणे त्याला वटहुकूम काढता येत आणि मूलभूत हक्क स्थगित ठेवता येत. संसदेच्या लहरीपणाला वेसण म्हणून ही योजना झाली होती. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांचाही बलवान राष्ट्राध्यक्षासाठी आग्रह होता. राष्ट्राध्यक्ष म्हणून एबर्ट यांनी कलम ४८ सव्वाशेहून अधिक वेळा वापरले. बरेचदा ते प्रजासत्ताकाच्या बचावासाठी होते. पण १९२३ साली सॅक्सनी आणि थुरिंगियातल्या डाव्या सरकारांवर ते जितक्या तत्परतेने उगारले गेले, तितक्या तत्परतेने बव्हेरियातल्या उजव्यांवर उगारले गेले नाही.

पहिल्या पाच वर्षांतल्या हिंसेबद्दल इथे थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण चलनवाढीच्या कहाण्यांपुढे ती मागे पडते. रोझा लुक्झेम्बुर्ग आणि कार्ल लिबक्नेश्ट यांना जानेवारी १९१९मध्ये मारले गेले. युद्धबंदीवर सही करणारे माथियास एर्झबर्गर ऑगस्ट १९२१मध्ये आणि परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ जून १९२२मध्ये गोळ्यांना बळी पडले. एमिल युलिउस गुम्बेल या गणितज्ञाने १९२२ साली राजकीय खुनांचा हिशेब मांडला. उजव्यांनी केलेले खून ३५४, डाव्यांनी केलेले २२. उजव्यांच्या ३५४पैकी ३२६ खुनांना शिक्षाच झाली नव्हती. डाव्यांच्या २२ खुनांसाठी मात्र दहा जणांना देहदंड झाला होता. नोव्हेंबर १९२३मध्ये म्युनिकमध्ये सशस्त्र उठाव करणाऱ्या हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि तो डिसेंबर १९२४मध्ये बाहेर आला. तो तेव्हा ऑस्ट्रियाचा नागरिक होता आणि कायद्याप्रमाणे त्याला देशाबाहेर घालवायला हवे होते. न्यायाधीशांनी तसे केले नाही. घटनेतल्या एखाद्या कलमापेक्षा न्यायासनावरचा हा पक्षपात प्रजासत्ताकाला अधिक महागात पडला, असे माझे मत आहे.

चलनवाढीची कहाणी वाचकांना ठाऊक असते. जानेवारी १९२३मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने रूर खोरे व्यापले, सरकारने तिथल्या निष्क्रिय प्रतिकाराचा खर्च नोटा छापून भागवला आणि नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. सगळ्यांचेच नुकसान झाले असे मात्र नाही. कर्ज काढून कारखाने, जमिनी घेणाऱ्यांचे कर्ज धुऊन निघाले. सरकारी रोख्यांत आणि पेढीत पैसा ठेवणाऱ्या मध्यमवर्गीयांची आयुष्यभराची पुंजी गेली. हा वर्ग पुढे आपल्या जुन्या पक्षांपासून तुटत गेला. आणि तरीही, एवढ्या तडाख्यातून प्रजासत्ताक उभे राहिले. नवे चलन आले, डॉस योजनेने युद्धखंडणीचे हप्ते सुसह्य झाले, लोकार्नोचा करार झाला, १९२६ साली जर्मनी राष्ट्रसंघात गेला आणि गुस्टाव्ह श्ट्रेझमान यांना आरिस्टिड ब्रियाँ यांच्याबरोबर शांततेचे नोबेल मिळाले. १९२७ साली बेकारी विम्याचा कायदा झाला. मे १९२८च्या निवडणुकीत नाझींना २.६ टक्के मते मिळाली.

याच काळात काही मराठी माणसे बर्लिनमध्ये होती. इरावती कर्वे कैसर विल्हेल्म संस्थेत मानववंशशास्त्राचे संशोधन करत होत्या. गंगाधर अधिकारी तिथे रसायनशास्त्र शिकले, जर्मन कम्युनिस्ट पक्षात काम करून १९२८च्या अखेरीस परतले आणि काही महिन्यांतच मीरत खटल्यात पकडले गेले. त्यांच्या डोळ्यांसमोरचे बर्लिन मरणपंथाला लागलेल्या देशाची राजधानी नव्हते.

मग प्रजासत्ताक टिकले नाही ते का? सर्वांत सोपे उत्तर निवडणूक पद्धतीकडे बोट दाखवते. ६०,००० मतांना एक जागा असा हिशेब होता. त्यामुळे राइशस्टागमध्ये १९३० साली पंधराच्या आसपास पक्ष होते आणि चौदा वर्षांत सुमारे वीस मंत्रिमंडळे झाली. हे उत्तर पटण्यासारखे आहे, पण प्रशियाकडे पाहिले की ते डळमळते. तिथेही प्रमाणशीर प्रतिनिधित्व होते आणि पक्षही तेच होते. मतदारही बव्हंशी तेच. पण तिथे ओटो ब्राउन दोन छोटे खंड वगळता १९२० पासून १९३२ पर्यंत मुख्यमंत्री होते, आणि सोशल डेमोक्रॅट, सेंटर आणि डेमोक्रॅट यांची आघाडी तिथे वर्षानुवर्षे नांदली. देशपातळीवर याच तीन पक्षांचे बहुमत १९२० सालीच गेले होते आणि ते पुन्हा कधी आले नाही.

या फरकाला ब्राउन यांचा स्वभाव थोडाफार कारण असेल. मुख्य कारण मला वेगळे दिसते. प्रशियाला राष्ट्राध्यक्ष नव्हता. मुख्यमंत्री विधानसभाच निवडे. पक्षांचे भांडण झाले तर वरून कोणी वटहुकूम काढून कारभार हाकून देणार नव्हते, त्यामुळे त्यांना त्याच दालनात पुन्हा समोरासमोर बसून तडजोड करावी लागे. राइशस्टागमधल्या पक्षांना ती सक्ती नव्हती. अप्रिय निर्णयाची वेळ आली की मंत्रिमंडळातून बाहेर पडायचे आणि आपल्या मतदारांपुढे हात स्वच्छ ठेवायचे, ही वाट त्यांना घटनेनेच मोकळी ठेवली होती. मार्च १९३०मध्ये हर्मान म्युलर यांचे महाआघाडीचे सरकार पडले ते बेकारी विम्याची वर्गणी वाढवायची की नाही, या वादावर. वाद किरकोळ टक्क्यांचा होता. पण त्या दिवसानंतर राइशस्टागच्या बहुमतावर उभे असलेले सरकार जर्मनीत आले नाही. पुढचे चॅन्सेलर हाइनरिश ब्रुनिंग कलम ४८ वर राज्य करू लागले. जुलै १९३०मध्ये संसदेने त्यांचा वटहुकूम फेटाळला, तेव्हा संसदच विसर्जित झाली. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींचे १०७ सदस्य निवडून आले. १९३२ साली राइशस्टागने उणेपुरे पाच कायदे केले आणि वटहुकूम साठच्या आसपास निघाले.

प्रशियाचे कौतुक करताना तिथला शेवटही सांगितला पाहिजे. एप्रिल १९३२च्या निवडणुकीत ब्राउन यांच्या आघाडीने बहुमत गमावले आणि २० जुलैला त्यांचे सरकार काळजीवाहू होते. चांगली रचना मतदारांच्या रागापासून कायमचे संरक्षण देत नाही. ती वेळ मिळवून देते, आणि तो वेळ प्रजासत्ताकवाद्यांनी वापरला की घालवला, याची चर्चा या पुस्तकात वारंवार येईल.

या विषयाचा अभ्यास एका दिशेने पुढे गेलेला नाही, हे नव्या वाचकाला आधीच सांगावे. आर्थर रोझेनबर्ग यांनी निर्वासित असताना १९३५ साली लिहिलेल्या इतिहासात प्रजासत्ताकाचा शेवट १९३० सालीच झाला असे मानले आणि दोष १९१८च्या अर्धवट क्रांतीला दिला. युद्धानंतर कार्ल डीट्रिश ब्राखर यांचा १९५५चा ग्रंथ आला आणि अभ्यासाचा पायाच बदलला. आधी सत्तेचा क्षय, मग सत्तेची पोकळी आणि शेवटी सत्तेचा कब्जा असे टप्पे त्यांनी उलगडले आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्याभोवतीच्या मूठभर माणसांवर जबाबदारी ठेवली. व्हेर्नर कॉन्झ यांनी त्यांना विरोध केला. पक्षांनीच जबाबदारी टाकल्यामुळे ब्रुनिंग यांना दुसरा मार्ग उरला नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. साठच्या दशकात एबरहार्ड कोल्ब आणि पेटर फॉन अर्त्सेन यांनी १९१८च्या कामगार-सैनिक परिषदांचे कागद तपासले. या परिषदा बहुतांशी बोल्शेविक नव्हत्या, त्यामुळे सैन्य आणि नोकरशाही सुधारायला एबर्ट यांना मानले जाते त्यापेक्षा अधिक वाव होता, असे त्यातून पुढे आले.

हान्स-उलरिश व्हेलर आणि त्यांच्या साथीदारांनी मूळ आणखी मागे नेले. जर्मनीने उद्योग आधुनिक केले पण राज्यसत्ता जमीनदार-सेनाधिकाऱ्यांच्या हाती ठेवली, हाच तो ‘विशेष मार्ग’. डेव्हिड ब्लॅकबर्न आणि जेफ एली या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८०च्या सुमारास विचारले की विशेष म्हणजे कोणाच्या तुलनेत? हा प्रश्न आजही बोचत राहतो. अर्थशास्त्राच्या बाजूने क्नुट बोर्शार्ट यांनी १९७९ साली असे मांडले की विसाच्या दशकातली अर्थव्यवस्था आतूनच आजारी होती आणि कर्जाची दारे बंद झाल्यावर ब्रुनिंग यांच्यापुढे पर्याय नव्हता. कार्ल-लुडविग होल्टफ्रेरिश यांनी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला. हा वाद मिटलेला नाही. मतदारांबद्दलच्या अनेक समजुती मात्र युर्गेन फाल्टर यांच्या आकडेवारीने मोडल्या. बेकार माणूस नाझींकडे गेला हे ढोबळ विधान टिकत नाही, कारण तो अधिक प्रमाणात कम्युनिस्टांकडे गेला. नाझींचे बळ प्रॉटेस्टंट गावांत आणि छोट्या शहरांत जास्त होते आणि कॅथलिक भागांत कमी.

डेटलेफ पॉयकर्ट यांचे १९८७चे पुस्तक मला या सगळ्यांत जवळचे वाटते. आधुनिकतेची सगळी वचने आणि सगळे ताण एका पिढीवर एकदम कोसळले, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्यामुळे त्या काळातला उत्साह आणि त्याचे अपयश एकाच चौकटीत दिसते. अलीकडे थोमास मेर्गेल यांच्यासारखे अभ्यासक राइशस्टागच्या रोजच्या कामकाजाकडे वळले आणि तिथे सहकार्याच्या सवयी खरोखर रुजत होत्या असे त्यांना आढळले. शेवटाकडून मागे न पाहता त्या काळाच्या उघड्या भविष्याकडे पाहायचे, ही या पिढीची शिकवण आहे.

आज हे सगळे का वाचायचे? कुठल्याही देशात आघाडी सरकार गडगडले की लगेच ‘वायमार’ची आठवण काढली जाते. तुलना इतकी स्वस्त झाली की ती निरुपयोगी होते. इटलीत लोकशाही १९२२ साली कोसळू लागली, स्पेनमध्ये १९२३ साली, पोलंड आणि पोर्तुगालमध्ये १९२६ साली, युगोस्लाव्हियात १९२९ साली. या रांगेत जर्मन प्रजासत्ताक सर्वांत मोठ्या ओझ्याखाली होते आणि तरी जास्त काळ उभे राहिले. तुलना करायचीच असेल तर ती कोणत्या वर्षाशी, कोणत्या संस्थेशी, हे सांगून करावी. थुरिंगिया राज्यात, म्हणजे वायमार गाव जिथे आहे तिथेच, जानेवारी १९३०मध्ये पहिला नाझी मंत्री आघाडी सरकारात घेतला गेला होता. २०२४ साली त्याच राज्याच्या निवडणुकीत एक अतिउजवा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. या वेळी इतर पक्षांनी त्याला सरकारात घेतले नाही. दोन घटनांमधला हा फरकही तितकाच अभ्यासण्याजोगा आहे.

भारतीय वाचकाचे नाते अधिक जवळचे आहे. ऑगस्ट १९४९मध्ये आपल्या संविधान सभेत आणीबाणीच्या कलमांवर बोलताना ह. वि. कामत यांनी वायमार घटनेचा दाखला देऊन इशारा दिला होता. पुढे १९६५ साली डीटर कॉनराड या जर्मन कायदेपंडिताने बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या मर्यादांवर व्याख्यान दिले, आणि १९७३च्या केशवानंद भारती निकालात न्यायमूर्ती खन्ना यांनी त्यांचा आधार घेतला. घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येत नाही, या तत्त्वामागे जर्मनीच्या अनुभवाची एक धार आहे. आपल्या विधी महाविद्यालयांत ती फारशी शिकवली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

हे पुस्तक हिटलरचे चरित्र नाही. बाउहाउस, चित्रपट, नाटक यांनाही इथे अगदी थोडी जागा आहे. त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे लक्ष आहे ते राष्ट्राध्यक्षाचे पद, प्रशियाचे सरकार, न्यायालये, सैन्य, कामगार संघटना आणि पक्षकचेऱ्या यांच्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी कोणापुढे कोणते पर्याय होते यावर. नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत नाझींची वीस लाख मते घटली होती. जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला तो बहुमताच्या जोरावर नव्हे. पापेन आणि हिंडेनबर्ग यांच्या निर्णयाने झाला. मंत्रिमंडळात नाझी तिघेच आहेत, बाकीचे त्यांना ताब्यात ठेवतील, असा पापेन यांचा हिशेब होता. वाचकाने प्रत्येक वळणावर पुढचे वर्ष माहीत नाही असे समजून वाचावे, एवढी माझी विनंती आहे. ते कठीण आहे. लिहितानाही कठीण गेले.

२३ मार्च १९३३ रोजी सर्वाधिकार कायदा मंजूर झाला, तेव्हा कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा होते आणि सभागृहात नाझींचे गणवेशधारी स्वयंसेवक उभे होते. सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या ९४ सदस्यांनी विरोधात मत दिले. वायमारची घटना नाझींनी रीतसर कधीच रद्द केली नाही. धर्म आणि राज्यसत्ता यांच्या संबंधांविषयीची तिची पाच कलमे १९४९च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे नव्या घटनेत, सामील करून घेतली गेली आणि ती जर्मनीत आजही लागू आहेत.